काकूंकडचे शेवटचे पंधरा दिवस

सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, म्हणजे दहा तास. आठवड्याचे पाच दिवस, सुट्ट्या आणि आजारपणं वजा जाता वर्षाचे साधारण २४० दिवस. सहा महिन्यांचं असताना पाळणाघरात गेलेलं मूल साडेतीन वर्षांचं होईपर्यंत काकूंकडे सात हजारांहून जास्त तास काढतं. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यामुळे नोकरी करणाऱ्या आईचं बाळ बहुतेक वेळा याच वयात पाळणाघराचा उंबरा ओलांडतं. पहिलं पाऊल पुष्कळदा काकूंच्या हॉलमध्येच पडतं. (शहाण्या काकू ते आईला सांगत नाहीत. “आज उभं राहायला बघत होता हं, घरी लक्ष ठेवा,” एवढंच म्हणतात.)

आणि मग एखाद्या जूनमध्ये आपण म्हणतो, “पाळणाघर बंद केलं.” पेपर बंद केला, दुधाचा रतीब बंद केला, तसं.

मुलाला ‘बंद करणं’ कळत नाही. त्याला एवढंच कळतं की एक माणूस होतं आणि ते आता दिसत नाही. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या ओढीवर ज्यांनी आयुष्यभर काम केलं ते ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी १९०७ साली लंडनमध्ये जन्मले. तेव्हाच्या सुखवस्तू घरांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना दिवसभर दाया सांभाळत, आई संध्याकाळच्या चहानंतर तासभर भेटे. मिनी नावाची त्यांची लाडकी दाई ते चार वर्षांचे असताना काम सोडून गेली. तिचं जाणं आपल्याला आई गेल्यासारखंच लागलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. आईपासून तुटलेल्या मुलाचं नुकसान होतं, असं त्यांनी मांडलं, म्हणून नोकरी करणाऱ्या आयांना घाबरवायला बोल्बींचं नाव आजही घेतलं जातं. मिनीची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही.

या बाबतीत सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे काही न सांगणं. शुक्रवारी नेहमीसारखं मुलाला उचललं, सोमवारी नव्या शाळेत सोडलं. “सांगितलं तर उगाच रडेल, आठवड्यात विसरेल,” असा हिशोब असतो. मूल विसरत नाही. शोधत राहतं. तीन वर्षांच्या डोक्यात जे गणित जुळतं ते असं : काकू न सांगता नाहीशा झाल्या, म्हणजे माणसं न सांगता नाहीशी होतात, म्हणजे आईही होऊ शकते. म्हणून अशा मुलांचं चिकटणं सुरू होतं ते काकूंच्या नावाने होत नाही. ते आईच्या पदराला होतं. आई बाथरूममध्ये गेली तरी दार वाजवायचं, रात्री दोनला उठून ती शेजारी आहे ना हे हाताने चाचपायचं. घरच्यांना या दोन गोष्टींचा संबंधच लागत नाही. त्यांना वाटतं, नवी शाळा मानवली नाही.

तर निरोप द्यायचा. ठरवून, तारीख सांगून, तोंडाने बोलून.

त्याआधी काकूंशी बोलायचं, आणि मुलाच्या माघारी बोलायचं. बहुतेक पाळणाघरांत महिन्याची नोटीस असते, काही ठिकाणी डिपॉझिटही असतं. पण नोटीस म्हणून नव्हे, काकूंना सावरायला वेळ मिळावा म्हणून निदान सहा आठवडे आधी सांगावं. त्यांचं एक मूल जातं आणि दर महिन्याचं एक उत्पन्नही जातं, दोन्ही खरं आहे. पैशाचा हिशोब शेवटच्या आठवड्याच्या आधी मिटवून टाकावा. दारात मूल कडेवर असताना “या महिन्याचे अर्धे की पूर्ण?” हे बोलणं सुरू झालं की मुलाला शब्द कळत नाहीत, आवाज बरोबर कळतो. या बैठकीत काकूंशी एकच वाक्य पक्कं करायचं, जे आई, बाबा, आजी आणि काकू सगळे सारखंच बोलतील. आईने म्हणायचं “शाळा सुरू होणार म्हणून” आणि काकूंनी म्हणायचं “तुझी आई नेतेय बाई तुला”, असं झालं की मूल मधे लटकतं.

मुलाला किती आधी सांगायचं हे वयावर आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी पुरे, त्याला ‘पुढचा आठवडा’ ही चीजच माहीत नसते. तीन वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी. चार-साडेचारच्या मुलाला दोन आठवडे, कारण त्याच्याकडे प्रश्न असतात आणि ते रोज एक या गतीने येतात. महिनाभर आधी सांगू नये. महिनाभर काहीच होत नाही, मूल सांगितलेलं धरून ठेवून थकतं आणि रोज सकाळी “आज संपलं का?” विचारत बसतं.

मोजायला कालनिर्णय आणि टिकल्यांचं पाकीट घ्या. शेवटच्या दिवसाच्या चौकटीत मोठी लाल टिकली काकूंच्या हातून लावून घ्या; त्यासाठी कॅलेंडर एक दिवस काकूंकडे न्यावं लागलं तरी न्या. मग रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवसावर एक छोटी टिकली मुलाने लावायची. बोटाने उरलेल्या मोकळ्या चौकटी मोजायच्या. ‘काल’ आणि ‘उद्या’ यांचा गोंधळ चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालतो, पण तीन मोकळ्या चौकटी आणि मग लाल टिकली हे अडीच वर्षांच्या मुलालाही दिसतं. महिना बदलत असेल तर पुढचं पान आधीच फाडून शेजारी चिकटवा, नाहीतर पान उलटताना लाल टिकली गायब होते आणि मूल म्हणतं, संपलं.

सांगायचं काय? थोडं आणि खरं. “लाल टिकलीपर्यंत तू काकूंकडे जाशील. मग दुपारी तू नव्या ताईंकडे जेवशील आणि झोपशील. काकू त्यांच्या घरीच असतील. आपण त्यांना भेटायला जाऊ.” शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला.

जे बोलू नये त्यात सगळ्यात गोड दिसणारं वाक्य पहिलं येतं : “आता तू मोठ्ठा झालास ना, म्हणून काकूंकडे जायचं नाही.” मूल हुशार असतं. मोठं झालं की काकू जातात, तर मोठं व्हायचंच नाही, हा त्याचा निष्कर्ष बिनचूक आहे. मग ते पुन्हा बोबडं बोलतं, चड्डीत शू करतं, दुधाची बाटली मागतं. दुसरं वाक्य : “काकू गावाला गेल्यात.” काकू त्याच वॉर्डात राहतात, त्याच मंडईत मेथी निवडतात. पंधरा दिवसांनी त्या भाजीवाल्यासमोर दिसल्या की आईबाबांचा शब्द कायमचा स्वस्त होतो. आणि तिसरं, जे रागात तोंडातून जातं : “असा हट्ट केलास म्हणून काकू कंटाळल्या.” हे एकदा जरी बोललं गेलं तरी मूल ते धरतं, कारण कुणी गेलं की आपल्यामुळेच गेलं असं त्याला तसंही वाटतच असतं. न बोललेलं पुसायलाही हे वाक्य आपणहून म्हणावं लागतं : “तू काही केलं नाहीस. काकूंना तू आवडतोसच.”

आता काकूंकडून जे लिहून घ्यायचं ते. वहीचं एक पान पुरतं, पण ते समोर बसून, अर्धा तास काढून लिहा. फोनवर विचारलं तर काकू “सगळं खातो, शांत झोपतो” म्हणतील आणि त्यातून काहीच हाती लागणार नाही.

आधी शब्द. तीन वर्षांत मूल एका वेगळ्या घरात बोलायला शिकलेलं असतं आणि त्या घराची स्वतःची भाषा असते. आपल्याकडे झोपेला ‘जोजो’, काकूंकडे ‘गाई गाई’. आपल्याकडे ‘भूर’ म्हणजे बाहेर फिरायला जाणं, काकूंकडे ‘भूर’ म्हणजे गॅलरीत उभं राहून कबुतरं बघणं. नव्या ठिकाणी मूल पेंगुळून “गाई गाई” म्हणतं आणि बाई त्याला गाईचं चित्र दाखवतात. शू, शी, पाणी, भूक, झोप, दुखणं, भीती, ‘मला कडेवर घे’ या आठ गोष्टींना तिथे नेमकं काय म्हणतात ते लिहा. त्याची एक प्रत नव्या ताईंना द्या.

मग जेवण. “वरण-भात खातो” हे अपुरं आहे. घरचं वरण-भात तो का खात नाही, याचं उत्तर बहुधा काकूंच्या कुकरमध्ये असतं. तूरडाळ हळद-हिंग घालून चार शिट्ट्या, मग रवीने इतकी घोटलेली की डाळीचा दाणा लागत नाही, वाटीभर डाळीला सुपारीएवढा गूळ, तूप वरून नाही तर भातात आधीच कालवलेलं. भात एक वाटी तांदळाला तीन वाट्या पाणी घालून गुरगुट्या. कुठली थाळी, कुठला चमचा, की हातानेच ‘चिऊचा घास, काऊचा घास’? शेवटच्या आठवड्यात घरी रात्रीचं जेवण याच बेताने करून बघा. तो आठवडा तुमच्या फोडणीचं कौतुक बाजूला ठेवा.

झोप सगळ्यात अवघड, म्हणून तिथे जास्त खोदून विचारा. एक ते पाच वर्षांत मुलाला दिवसरात्र मिळून बरीच झोप लागते : दोन वर्षांपर्यंत ११ ते १४ तास, तीन ते पाचच्या वयात १० ते १३. त्यातले दीड-दोन तास आतापर्यंत काकूंच्या घरी झालेले असतात आणि झोपेच्या आधीची दहा मिनिटं म्हणजे दिवसातला सर्वात उघडा वेळ. खेळताना न आठवलेल्या काकू तेव्हाच आठवतात. विचारायचं ते असं : कुशीवर झोपतो की पालथा? कुठल्या कुशीवर? पाठीवर थोपटता की कपाळावरून हात फिरवता? सावकाश की भरभर? पंखा कितीवर? काही म्हणता का, म्हणत असाल तर फोनच्या रेकॉर्डरसमोर म्हणून दाखवा. काकूंच्या आवाजातलं दोन मिनिटांचं बडबडगीत रेकॉर्ड करून ठेवणं चांगलं, पण पहिल्या आठवड्यात लावू नका. आवाज येतो आणि माणूस येत नाही, याने काही मुलं जास्त बिथरतात. मुलाने स्वतः मागितलं तर दिवसा, मांडीवर घेऊन ऐकवा.

आणि गोधडी. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या सुमारास मांडलं की मूल एखादं फडकं, दुपटं किंवा बाहुली उराशी धरतं ते आई आणि बाहेरचं जग यांच्यामधला पूल म्हणून. आपल्याकडे हा पूल जुन्या सुती साडीचा असतो. काकूंची एक मऊ झालेली साडी मागून घ्या. त्याऐवजी मूल तिथे ज्या गोधडीवर झोपतं ती द्यायला त्या तयार असतील तर तीच घ्या आणि बदल्यात नवी द्या. तिचे दोन तुकडे करून कडा शिवा, एक नव्या ठिकाणी आणि एक घरी. निदान तीन आठवडे धुऊ नका. इथे आजी घोळ घालतात : प्रेमाने, गरम पाण्यात, कंफर्ट घालून धुऊन ठेवतात आणि त्यातला काकूंचा वास, जो हवा होता, तोच जातो.

आता वेळापत्रक. महाराष्ट्रात नर्सरीला ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण हा नियम आहे, म्हणजे जूनच्या मध्यात एकाच वर्गात एक मूल अडीच वर्षांचं असतं आणि दुसरं साडेतीनच्या आसपास. (विदर्भात उन्हामुळे शाळा थोड्या उशिरा उघडतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्येच.) अडीच वर्षांच्या मुलाला शाळेची आणि काकू सुटण्याची, अशा दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात देऊ नका. शाळा नऊ ते बारा असेल तर उरलेला दिवस महिनाभर काकूंकडेच ठेवा. पैसे जास्त जातात. त्या पैशाइतका उपयोग वर्षभरातल्या दुसऱ्या कुठल्याही खर्चाचा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कमी करताना दिवस कमी करू नका, तास कमी करा. ‘सोमवार-बुधवार-शुक्रवार काकूंकडे’ हे मोठ्यांना नीटनेटकं वाटतं, पण लहान मुलाला आज कुठे जायचं हे रोज सकाळी नव्याने झेलावं लागतं. रोज जायचं, पण थोडं थोडं कमी. आधी संध्याकाळ काढा : साडेसहाऐवजी चारला, दूध-बिस्कीट झालं की घ्यायला जा. सकाळ शाळेमुळे तशीही गेलेली असते. दुपारचं जेवण आणि झोप हा गाभा, तो सगळ्यात शेवटी काढायचा. तोपर्यंत शनिवार-रविवारी घरी त्याच वेळेला, त्याच क्रमाने, वहीच्या पानाप्रमाणे झोपवायची तालीम करा. असे चार शनिवार-रविवार मिळाले तर आठ तालमी होतात.

शाळेऐवजी मूल नव्या डे-केअरला जाणार असेल तर जर्मनीत सर्रास वापरली जाणारी बर्लिनची पद्धत माहीत असावी. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत साधारण तासभर तिथेच बसतात. कोपऱ्यात बसायचं, मुलाला खेळायला ढकलायचं नाही, मोबाईल काढायचा नाही. चौथ्या दिवशी मुलाला सांगून, टाटा करून थोडा वेळ खोलीबाहेर, जास्तीत जास्त अर्धा तास. रडलं आणि ताईंना समजावता आलं नाही तर दोन-तीन मिनिटांतच परत आत. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर हा प्रयोग मंगळवारवर ढकलतात, कारण दोन दिवसांच्या सुट्टीनंतर मूल पुन्हा घरचं झालेलं असतं. आपल्याकडची पुष्कळ डे-केअर्स “आईबाबा असले की मुलं जास्त रडतात” म्हणून पालकांना दारातूनच परत पाठवतात. तीन दिवस मागून बघा. नाहीच म्हणाले तर निदान नव्या ताईंना एकदा काकूंच्या घरी बोलवा. काकूंनी “या ताई छान आहेत हं” म्हटलेलं मुलाने ऐकणं हे तुमच्या दहा समजावण्यांच्या वरचढ आहे.

एक मोठा बदल चालू असताना दुसरा नको : डायपर सोडवणं, अंगावरचं तोडणं, वेगळ्या खोलीत झोपवणं, यातलं जे राहिलं असेल ते निदान सहा आठवडे आधी उरका किंवा सहा आठवडे पुढे ढकला.

शेवटचा दिवस शक्यतो गुरुवार ठेवा. शुक्रवारी आई किंवा बाबांनी रजा टाकायची, म्हणजे सलग तीन दिवस घरचं माणूस हाताशी. नेहमीच्याच वेळेला घ्यायला जा. दिवसभराची पार्टी, फुगे, केक, पंधरा पाहुणे असं करू नका. त्या गलक्यात निरोप हरवतो आणि मुलाच्या लक्षात केक राहतो. वीस मिनिटं पुरतात. मुलाने आपलं सामान स्वतः गोळा करायचं : खुंटीवरची पिशवी, वाटी-चमचा, जास्तीचा कपडेजोड, दाराबाहेरच्या चपला. ती खुंटी रिकामी झालेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. मग काकूंनी औक्षण करायचं, हवी तर दृष्ट काढायची. मुलाने काकूंना काहीतरी द्यायचं. साडी-नारळ मुलाच्या हातून दिला तर उत्तम. (काकू विधवा आहेत म्हणून ओटीचं कसं करायचं, असा खल घालणारी घरं अजून आहेत. मुलाच्या हातून दिलं की तो प्रश्नच येत नाही.) शिवाय मुलाने काढलेलं एक चित्र काकूंच्या फ्रीजवर चिकटवून यायचं. ते तिथे आहे हे त्याला माहीत असतं, आणि पुढे अनेक दिवस मूल विचारतं, “माझं चित्र आहे ना?”

काकू रडल्या तर रडू द्या. मोठ्या माणसालाही वाईट वाटतं, हे दिसलेलं बरं. “मला सोडून चाललास? आता मी काय करू?” एवढं मात्र नको. ते ओझं मुलाच्या डोक्यावर जातं. काकूंना हे आधीच, हळूच सांगून ठेवता येतं. आणि त्यांच्याकडच्या बाकीच्या मुलांनाही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी त्यांचा भिडू आलेला नसतो आणि त्यांना कुणी काही बोललेलं नसतं.

शेवटचं वाक्य स्पष्ट असावं. “आज शेवटचा दिवस होता. टाटा, काकू.” जिन्यावरून खाली येईपर्यंत मूल बहुधा रडत नाही. रडतं ते रात्री साडेनऊला, भलत्याच कारणाने, पोळीचा तुकडा मोडला म्हणून.

पहिला आठवडा बरा जातो. नवी खेळणी, नवी वॉटरबॅग. घरचे फोनवर सांगतात, “रुळला हो.” दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरी घसरण होते, कारण आता ते ठिकाण नवं राहिलेलं नसतं आणि काकू परत येणार नाहीत हे कळायला लागलेलं असतं. बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईबापांपासून तुटलेल्या मुलांमध्ये तीन टप्पे नोंदवले होते : आधी आकांत, मग गप्प होणं, मग पाठ फिरवणं. आपल्या मुलाजवळ रोज रात्री आईबाबा असतात, त्यामुळे इथे सगळं पुष्कळ सौम्य असतं. पण त्यातला एक धडा जसाच्या तसा लागू आहे : गप्प झालेलं मूल म्हणजे सावरलेलं मूल असं धरू नये. आठवडाभर रडून आता कोपऱ्यात शांत बसणाऱ्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावं.

या दिवसांत मूल आईवर चिडतं. “तू नको, काकू पाहिजे!” हे ऐकून पोटात कालवतं, आणि आपण घाईने म्हणतो, “अरे, मी आहे ना!” त्याला ते माहीत आहे. त्याला काकू हव्या आहेत. “काकूंची आठवण आली ना? त्या कसं थोपटायच्या? दाखव बरं मला.” असं म्हटलं की बहुतेक मुलं थोपटून दाखवतात आणि त्यातच निवळतात. उसनं हसू आणून विषय बदलला, की मुलाला कळतं की घरात हे नाव काढायचं नसतं.

शी धरून ठेवणं हा हमखास होणारा आणि हमखास दुर्लक्षित राहणारा प्रकार. नवं संडास, नवी ताई, मग मूल दिवसभर आवळून धरतं, शी कडक होते, दुखते, म्हणून आणखी धरतं. सकाळच्या खाण्यानंतर घरीच पाच मिनिटं बसवायची सवय लावा, पायाखाली पाट द्या, पाणी आणि पिकलेली पपई वाढवा. तीन दिवसांहून जास्त गेले, रक्त दिसलं किंवा पोट फुगलं तर डॉक्टर. अंथरुणात शू पुन्हा सुरू झाली तर ओरडू नका, रबरी कापड घाला आणि वाट बघा. मात्र शूसोबत तहान फार वाढली असेल, वजन उतरत असेल, तर त्याचं खापर काकूंच्या निरोपावर फोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन साखर तपासून घ्या.

नव्या ठिकाणी सोडताना एकच ठरलेली रीत : पापी, टाळी, “खाऊ खाल्ल्यावर मी येते”, आणि निघायचं. दारात तीनदा मागे वळायचं नाही. लक्ष चुकवून पळायचं तर अजिबात नाही. संध्याकाळी ताईंना “रडला का?” असं विचारू नका, “किती वेळ रडला?” असं विचारा. बारा मिनिटं, मग आठ, मग चार, असे आकडे मिळाले तर काम मार्गी लागलेलं आहे. तीन ते सहा आठवड्यांत बहुतेक मुलं बसतात. दोन महिने उलटूनही खेळणं, खाणं, बोलणं सगळंच मंदावलेलं असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावं.

काकूंची पहिली भेट साधारण दहाव्या दिवशी. ती त्यांच्या घरी ठेवू नका. तीन वर्षांचं मूल त्या दारात उभं राहिलं की त्याला वाटतं, आता आई ऑफिसला जाणार. बागेत किंवा आपल्याच घरी, पाऊण तास, आई समोर. पहिल्या भेटीत मूल काकूंकडे बघतच नाही, असं सर्रास होतं. आईच्या मागे लपतं, “जा” म्हणतं. काकूंचं मन दुखतं. त्यांना आधीच सांगा की हा राग आहे, आणि राग ओळखीच्या माणसावरच येतो. जबरदस्तीने मांडीवर बसवू नका. जाता जाता मूल आपणहून चपला आणून देईल, तेवढं पुरे. मग दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. कबूल केलेली भेट चुकवायची नाही; जमणार नसेल तर कबूलच करू नका. गाव बदललं असेल, पुण्याहून बंगळुरूला किंवा थेट परदेशी गेला असाल, तर ठरलेल्या वारी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि काकूंनी ‘कसा आहेस’ विचारत बसण्यापेक्षा कॅमेरा कुकरकडे, गॅलरीकडे, फ्रीजवरच्या चित्राकडे फिरवावा.

कधी काकूच थांबतात. लेकीचं बाळंतपण, मोतीबिंदू, गुडघे. तेव्हा सांगणं काकूंनी करावं, कारण थांबायचं कारण त्यांचं आहे. “माझे गुडघे दुखतात, म्हणून मी आता मुलं सांभाळणार नाही. तू त्रास दिलास म्हणून नाही.” काकू अचानक वारल्या, तर ‘झोपल्या’ म्हणू नका, मूल झोपायला घाबरतं. ‘देवबाप्पाने नेलं’ म्हटलं तर देवघरासमोरून जायला. “काकू वारल्या. त्यांचं शरीर चालायचं थांबलं. त्या परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येईल.” हे तेवढंच, आणि पुन्हा पुन्हा विचारलं तरी त्याच शब्दांत. आणि तिथे मुलाला मारहाण किंवा त्याहून वाईट काही झालं म्हणून पाळणाघर सोडलं असेल, तर वर लिहिलेलं काहीच लागू नाही : निरोप नको, भेट नको, डॉक्टरांकडे न्या आणि १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वीचं मोठेपणी सहसा आठवत नाही. म्हणून काकूंच्या घराचे दहा-बारा फोटो आत्ताच काढून ठेवा, मोबाईलमध्ये नव्हे तर छापून, छोट्या अल्बममध्ये : दार, खुंटी, झोपायची जागा, कुकर, गॅलरीतली कबुतरं, काका पेपर वाचताना, बाकीची मुलं त्यांच्या आईबाबांना विचारून. मागे नावं आणि तारखा लिहा. अल्बम मुलाच्या हाताला लागेल अशा खालच्या फळीवर ठेवा. आणि जूनमध्ये सुटलेलं मूल पुढच्या संक्रांतीला बहुधा पाचाच्या आतच असतं, तेव्हा बोरन्हाण करायचं असेल तर बोरं, हलवा आणि चुरमुरे पहिल्यांदा ओतायला काकूंना बोलवा.